उसना हात आणि लेखी हात

इंग्रजीतील ‘हँड’ आणि मराठीतील ‘हात’ हे शब्द पेढीवर दिवसातून अनेकदा उच्चारले जातात. बऱ्याच ठिकाणी दोघांची वाट एकच असते. ‘कॅश इन हँड’ म्हणजे आपली हातशिल्लक. ‘हँड टू माउथ’ जगणारा म्हणजे ज्याचे हातावर पोट आहे तो. इंग्रजीत कामगारालाच ‘हँड’ म्हणतात. आपणही ‘हाताखालची माणसे’ म्हणतो. परंतु या साम्यावर फार विसंबू नये. इंग्रजीत हात वर करणारा शरण येतो, मराठीत हात वर करणारा जबाबदारी नाकारतो. बेरजेतील आपल्या ‘हातच्या’ला तर इंग्रजीत हातच नाही.

खरा भेद दिसतो तो देण्याघेण्यात. जुन्या इंग्रजी व्यवहारात वचनचिठ्ठीला ‘नोट ऑफ हँड’ म्हणत. तेथे हात म्हणजे सही. आपल्या ‘हातउसन्या’त मात्र कागद नसतो, व्याजही बहुधा नसते, असतो तो केवळ शब्द. अर्थात लेखी हात आपल्याला परका नाही. ‘हस्ताक्षर’ या शब्दात तो आहे, आणि रक्कम कोणामार्फत आली हे सांगणाऱ्या वहीतल्या ‘हस्ते’ या नोंदीतही आहे.

फाळणीनंतर सिंधमधून रिकाम्या हातांनी आलेल्या कुटुंबांच्या छावणीला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. आज तेथील कापड व फर्निचरचा बाजार दूरवर ओळखला जातो. अशा बाजारात, तसेच शेजारच्या अंबरनाथ-बदलापूरच्या दुकानांतही, महिनाअखेरीस शेजाऱ्याकडून हातउसने घेणे नवलाचे नाही. अडचण येते ती देणारा किंवा घेणारा अचानक निवर्तल्यावर. रक्कम किती, कधी दिली, किती फिटली, हे मागे राहिलेल्यांना ठाऊक नसते आणि दोन घरांचा पिढीजात स्नेह तुटतो.

कायदाही येथे लेखी हात मागतो. मागणी करताच परत करावयाच्या उसन्या रकमेसाठी १९६३ च्या मुदत कायद्यानुसार, पैसे दिल्यापासून ३ वर्षांत दावा करावा लागतो. मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने सहीनिशी लेखी कबुली दिली, तर ३ वर्षे नव्याने मोजली जातात. शिवाय २०,००० रुपये वा त्याहून अधिक कर्ज रोखीने घेण्यास आयकर कायद्याची सर्वसाधारणपणे मनाई आहे. दंड कर्जाच्या रकमेइतका होऊ शकतो. म्हणून रक्कम बँकेमार्फत द्यावी, दोन ओळींची चिठ्ठी घ्यावी आणि त्याच दिवशी रोजमेळात नोंद करावी.

मुदत संपली म्हणजे दाव्याचा हक्क जातो. ऋण संपत नाही. जैन श्रावकाला हे निराळे सांगावयास नको. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये ‘न्यासापहार’ गणला आहे. ठेव ठेवणारा विसरून कमी रक्कम मागू लागला आणि सांभाळणाऱ्याने ‘बरोबर, तेवढीच’ म्हणून तेवढीच परत केली, तर तोही दोषच. त्याच यादीत ‘कूटलेखक्रिया’, म्हणजे खोटा लेखही आहे. समोरच्याचे विस्मरण आणि खोटा कागद, दोन्हींचा लाभ श्रावकास वर्ज्य.

तेव्हा चिठ्ठी मागणे हा अविश्वास नव्हे. ती घेणाऱ्याच्या स्मरणाला आधार देते आणि देणाऱ्याच्या वारसांना वादापासून वाचवते. हात उसना द्यावा, पण तो लेखी असावा.