टाकून दिलेल्या चाकरांची भयकथा

संस्कृत साहित्यशास्त्रकारांनी रसांच्या मैत्रीचा आणि वैराचा फार बारकाईने विचार केला आहे. विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त हास्याचे विरोधी रस म्हणून भयानक आणि करुण या दोहोंची गणना आहे, आणि भयाने ज्याचे अंग आक्रसले आहे त्याला त्याच क्षणी मोकळेपणाने हसता येत नाही, हा सर्वसामान्य अनुभव ध्यानात घेतला तर ती गणना निराधार आहे असे कोणी म्हणणार नाही. तथापि कोकणातल्या दशावतारात काळ्या वस्त्रांनी झाकलेला संकासुर रंगभूमीवर अवतरतो तेव्हा लहान मुले आईच्या पदराआड दडतात आणि मोठी माणसे त्याच्या मालवणी बोलण्याला मनसोक्त हसतात, हेही तितकेच खरे. शास्त्राने ज्यांना परस्परांचे वैरी ठरवले ते रस एकाच प्रयोगात एकत्र नांदतात ते केवळ नटाच्या कौशल्याने, की कथावस्तूच्या अंगी तशी काही आवश्यकता असते म्हणून, हा प्रश्न मला अलीकडे ‘मर्डर ड्रोन्स’ या ॲनिमेशन मालिकेने पडला, आणि त्याचे जे उत्तर मला सापडले ते मांडण्यासाठी हा लेख आहे.

ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरी केव्हिन आणि ल्यूक लर्डविचागुल या बंधूंनी २०१७ साली स्थापन केलेल्या ग्लिच प्रॉडक्शन्स या छोट्या संस्थेने ही मालिका निर्माण केली. तिचा जनक, लेखक आणि दिग्दर्शक लिअम व्हिकर्स. पहिला भाग २०२१ च्या ऑक्टोबरअखेर यूट्यूबवर विनामूल्य प्रसिद्ध झाला, दुसऱ्यासाठी प्रेक्षकांना वर्षाहून अधिक काळ थांबावे लागले, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये आठव्या भागाबरोबर कथा संपली.

कथेचे स्थळ कॉपर-९ नावाचा एक दूरस्थ, हिमाच्छादित ग्रह. खाणकाम आणि इतर कष्टाची कामे करण्यासाठी एका बलाढ्य कंपनीने तेथे कामकरी यंत्रमानव पाठवले होते. ग्रहाच्या गाभ्याचा स्फोट होऊन तेथील सारी माणसे मृत्यू पावली; यंत्रे मात्र उरली, आणि मालकच न उरल्यामुळे प्रथमच आपला संसार आपण थाटू लागली. शाळा निघाल्या, कुटुंबे झाली, बापलेकींची भांडणेही होऊ लागली. अशा वेळी आकाशातून दुसऱ्या प्रकारचे यंत्रमानव उतरले. त्यांना पंख आहेत, हातांच्या जागी पाती आहेत, शेपटीला विषारी नांगी आहे, आणि आपल्याच जातीच्या यंत्रांचे तेल प्यायल्यावाचून त्यांचे शरीर तापून निकामी होते. बेवारस झालेल्या कामकऱ्यांचा निःपात करणे एवढ्याच कामावर आपली नेमणूक झाली आहे अशी त्यांची समजूत आहे. मारलेल्यांच्या कलेवरांचा त्यांनी रचलेला मनोरा पहिल्याच भागात दिसतो, आणि तो पाहताना, ही सारी पत्र्याची बाहुली आहेत हे ठाऊक असूनही, छातीत धस्स होते.

याच भागात विनोदही ओतप्रोत भरला आहे. नायिका उझी ही बंडखोर वयातली कामकरी मुलगी. तिचा बाप खान याला दरवाजे बांधण्याचा असा काही अभिमान आहे की शत्रू बाहेर उभा असता दरवाजा बंद ठेवणे यापलीकडे संरक्षणाची कल्पनाच त्याला सुचत नाही, आणि त्याचे रक्षकदल दरवाजाआड पत्ते खेळत बसलेले असते. मारेकऱ्यांची म्होरकी जे ही कंपनीच्या कार्यालयीन परिभाषेत बोलते आणि हत्येला उत्पादनक्षमतेचे माप लावते. तिच्या हाताखालचा एन हा मारेकरी तर इतका भाबडा आणि आर्जवी आहे की, आपल्या कामाविषयी वरिष्ठ समाधानी असतील ना, एवढीच त्याची विवंचना. आपण हसतो, आणि तो हसरा, आर्जवी एन उझीच्या घरात शिरून एकामागून एक कामकऱ्यांना फाडू लागतो तेव्हा ते हसू ओठांवरच थिजते. याहून कठोर प्रसंग पुढेच आहे. संकटाच्या ऐन क्षणी खान स्वतःच्या मुलीला मृत्यूच्या बाजूस ठेवून आपला लाडका दरवाजा लावून घेतो. ज्या दरवाजावर आपण घटकेपूर्वी हसलो तोच दरवाजा येथे भयाचे आणि कारुण्याचे कारण होतो. विनोदाची सामग्री तीच, भयाची सामग्री तीच, दोहोंत शिवण दिसत नाही.

माझ्या मते याचे कारण कथावस्तूतच आहे. ज्याला दुसऱ्याने केवळ कामासाठी घडवले आणि गरज सरताच बरतर्फ करण्याचा अधिकार स्वतःकडे राखून ठेवला, त्याची अवस्था मुळातच हास्य आणि भय यांच्या सीमेवरची असते. चाकराची अदब, धन्याच्या मर्जीसाठी चाललेली त्याची धडपड, हुकमाबाहेर पाऊल टाकताना उडणारी तारांबळ, यांवर जगभरच्या प्रहसनकारांनी शतकानुशतके हशा मिळवला. आणि त्या अवस्थेकडे चाकराच्या डोळ्यांनी पाहिले की तीच भीषण दिसू लागते. कारेल चापेक याच्या ‘आर.यू.आर.’ या १९२० सालच्या चेक नाटकातही कारखान्यात घडवलेले यंत्रमानव शेवटी मालकांचा संहार करतात. तेव्हापासून यंत्रांचे बंड हा विज्ञानकथेचा रूढ विषय झाला. व्हिकर्सने त्या विषयात केलेली भर अशी की त्याच्या कथेत मालक आरंभीच मेलेला आहे आणि तरीही चाकरी संपत नाही. हुकूम देणारा उरला नसताना हुकूम पाळला जातो, आणि तो पाळण्यासाठी चाकरच चाकराच्या जिवावर उठतो.

या दृष्टीने पाचवा भाग, ‘होम’, मला संपूर्ण मालिकेत श्रेष्ठ वाटतो. येथे कथा मागे जाते, पृथ्वीवरच्या एका धनाढ्य कुटुंबाच्या हवेलीत. आणि आपल्याला कळते की एन, जे आणि त्यांची सोबतीण व्ही हे तिन्ही मारेकरी एके काळी त्या हवेलीतले गरीब घरगडी होते. व्ही, जी पुढे क्रौर्याची मूर्ती म्हणून आपल्या परिचयाची झालेली असते, ती येथे लाजाळू आणि भित्री मोलकरीण आहे. हवेलीतली टेसा नावाची मुलगी आईबापांच्या धाकात वाढत असता भंगारात टाकलेल्या यंत्रांना जीव लावते, आणि तिनेच घरी आणलेल्या सिन नावाच्या यंत्रबालिकेच्या रूपाने सर्वनाश त्या घरात प्रवेश करतो. ही सिन अडखळत चालते आणि आपण काय करीत आहोत ते स्वतःच्याच तोंडाने सपाट स्वरात सांगते. ते प्रथम हास्यास्पद वाटते, आणि मेजवानीच्या रात्री त्याच स्वरात ती पाहुण्यांच्या कत्तलीकडे वळते. जे यंत्र नीट विल्हेवाट न लावता फेकून दिले गेले त्यातूनच ही विकृती उपजते, असे मालिकेचे म्हणणे आहे. हा विचार मला फार गंभीर वाटतो. येथे संहाराचा उगम एखाद्या शास्त्रज्ञाच्या महत्त्वाकांक्षेत दाखवलेला नाही. तो टाकून देण्याच्या सवयीत दाखवला आहे.

असे मिश्रण एखाद्या मोठ्या वाहिनीच्या दप्तरातून मंजूर होऊन बाहेर पडले असते असे मला वाटत नाही. बालकांसाठी म्हणावे तर रक्तासारखे वाहणारे तेल आहे, प्रौढांसाठी म्हणावे तर शाळकरी मुलीचे प्रेम आणि रुसवे आहेत. वाहिनीच्या फर्माइशीची वाट न पाहता संस्थेने ही कृती थेट प्रेक्षकांपुढे ठेवली, आणि चाहत्यांना बाहुल्या, कपडे इत्यादी वस्तू विकून मिळणाऱ्या उत्पन्नाचा आपल्या कामाला आधार दिला. पुढे २०२३ साली ‘द अमेझिंग डिजिटल सर्कस’ या मालिकेने याच संस्थेचे नाव जगभर नेले, तरी मार्ग आधीच आखला गेला होता. त्यात सर्वांत मोलाचे मला वाटते ते हे की कथा आठ भागांत संपवण्याची मुभा राहिली.

त्या मुभेची किंमतही मालिकेने मोजली आहे, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. सहाव्या भागापासून कथेचा वेग इतका वाढतो की ‘ॲब्सोल्यूट सॉल्व्हर’ नामक ज्या दुष्ट शक्तीभोवती सारे फिरते तिचे स्वरूप एकदा पाहून उमगत नाही. महत्त्वाचा खुलासा कित्येकदा पडद्याच्या कोपऱ्यातल्या एखाद्या फलकावर येऊन जातो, आणि अखेरच्या युद्धात पात्रांना एकमेकांशी दोन वाक्ये बोलण्याचीही उसंत नाही. हवेलीच्या भागात जी संथ, चढत जाणारी भीती होती तिला शेवटच्या दोन भागांत आणखी अवकाश मिळायला हवा होता. उझी आणि एन यांच्या स्नेहाने शेवट तरतो, पण त्या स्नेहावरच सारा भार पडतो.

आपल्याकडे चित्रे हलू लागली की ती मुलांपुढे लावून मोठ्यांनी दुसऱ्या खोलीत जायचे, असा प्रघात पडला आहे, आणि वृत्तपत्रांतील चित्रपटपरीक्षणेही बहुधा त्याच समजुतीने अशा कृतींना जागा नाकारतात. ‘मर्डर ड्रोन्स’च्या बाबतीत हा प्रघात दोन्ही अंगांनी घातक आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाने ती मुळीच पाहू नये. गोल डोळ्यांच्या त्या बाहुल्या पाहून ज्या पालकांनी ती निर्धास्तपणे लावली असेल त्यांनी ती आजच बंद करावी. पण घरातला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी ती पाहत असेल, तर आईवडिलांनी शेजारी बसून निदान पाचवा भाग संपूर्ण पाहावा, आणि परीक्षकांनी एखाद्या नव्या नाटकावर लिहावे तितक्याच आस्थेने तिच्यावर लिहावे.