मोहफुलाचे गुणगान, झाडाची मालकी

गरिबाच्या पोटाची आठवण आपल्या सुस्थित वर्गाला क्वचितच होते. त्याच्या ताटाची आठवण मात्र अलीकडे फार होऊ लागली आहे. मोहफुलाचे लाडू, कोदोची खिचडी, कुटकीची बिस्किटे अशी नाना द्रव्ये सुबक वेष्टनात घालून शहरांतील दुकानांत मांडली जातात, आणि हेच वनवासी जनांच्या निरोगी दीर्घायुष्याचे गुपित होय, असे ग्राहकाला सांगितले जाते. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे झाले. आपल्या सरकारने या धान्यांना 'श्रीअन्न' असे भारदस्त नावही बहाल केले. ज्या धान्याला काल-परवापर्यंत दरिद्री माणसाचे खाणे म्हणून हिणवले जात होते, त्याच्या नावामागे आज श्री लागली. ते पिकवणाऱ्याच्या नावामागे ती कधी लागणार, हा प्रश्न त्या सोहळ्यात कोणीही विचारला नाही.

या प्रचाराला आंतरराष्ट्रीय दाखला म्हणून मध्य अमेरिकेतील निकोया द्वीपकल्पाचे नाव हटकून पुढे केले जाते. कोस्टा रिका देशाच्या या भागात नव्वदी-शंभरी गाठलेल्या वृद्धांचे प्रमाण लक्षणीय आढळले, आणि त्यांच्या आहारात मक्याच्या भाकऱ्या, काळा घेवडा, भोपळा व फळे असत. एवढ्यावरून मका आणि घेवडा खा व शतायुषी व्हा, असा सोपा मंत्र तयार झाला. त्या आहारात शहाणपण आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग वाटण्याची तेथील आदिवासींची रीत हजारो वर्षांची आहे. तिच्यामुळे मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळते. युरोपने मका उचलला, पण ही रीत उचलली नाही. परिणामी इटलीतील व पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागातील मकाभोजी गरिबांना पेलाग्रा या रोगाने ग्रासले. अडाणी म्हणवल्या गेलेल्या स्त्रियांचे ज्ञान किती मोलाचे असते, याचे हे ठसठशीत उदाहरण आहे.

परंतु मंत्र विकणारे एक गोष्ट सोयीस्करपणे लपवतात. त्याच मध्य अमेरिकेत ग्वाटेमाला नावाचा देश आहे. तेथील माया आदिवासी तोच मका त्याच चुन्यात शिजवतात व त्याच घेवड्याबरोबर खातात. आणि त्या देशात पाच वर्षांखालील जवळजवळ निम्मी बालके खुरटलेली आहेत. जगातील अत्यंत वाईट प्रमाणांपैकी हे एक आहे. ताट तेच असताना एका देशात म्हातारे शंभरी गाठतात आणि दुसऱ्यात मुलांची उंचीही वाढत नाही. आयुष्याचे रहस्य ताटातच असते, तर असे घडलेच नसते. तेव्हा रहस्य ताटाबाहेर शोधावयास हवे.

ग्वाटेमालात १९५२ साली अध्यक्ष आर्बेन्झ यांच्या सरकारने पडीक ठेवलेल्या मोठ्या जमिनी भूमिहीनांना वाटण्याचा कायदा केला. त्याची झळ युनायटेड फ्रूट या अमेरिकन केळी कंपनीला बसली. १९५४ मध्ये अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याच्या मदतीने ते सरकार उलथवले गेले, आणि वाटलेल्या जमिनी शेतकऱ्यांच्या हातून काढून घेण्यात आल्या. कोस्टा रिकाने याच काळात निराळी वाट धरली. १९४१ मध्ये तेथे सामाजिक विमा संस्था स्थापन झाली. १९४३ मध्ये कामगार संहिता आली, आणि तिच्या पाठीशी कम्युनिस्ट पक्ष व कॅथलिक धर्मगुरू दोघेही उभे होते. १ डिसेंबर १९४८ रोजी त्या देशाने आपले सैन्यच विसर्जित केले. पुढे नव्वदीच्या दशकात गावोगाव प्राथमिक आरोग्य पथके नेमली गेली. आज त्या लहानशा देशाचे सरासरी आयुर्मान ऐंशीच्या घरात आहे आणि ते अमेरिकेच्या तोडीचे आहे. १९८५ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनने थोड्या पैशात चांगले आरोग्य साधणाऱ्या प्रदेशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात चीन, श्रीलंका व कोस्टा रिका यांच्या पंक्तीत आपले केरळ होते. चौघांच्या पाककृतींत काडीचे साम्य नाही. शाळा, दवाखाना व शिधा सामान्य माणसापर्यंत नेण्याचा आग्रह मात्र चौघांतही होता.

शतायुषींच्या कथांविषयी आणखी एक सावधगिरी हवी. जन्मनोंदी ढिसाळ असतात तेथे शंभरीचे दावे फुगतात, हे दाखवणाऱ्या सॉल न्यूमन या संशोधकाला २०२४ मध्ये उपरोधिक इग-नोबेल पारितोषिक मिळाले. निकोयात संशोधकांनी नोंदी काटेकोरपणे तपासल्या होत्या. परंतु त्याच संशोधकांपैकी लुईस रोसेरो-बिक्स्बी यांनी २०२३ मध्ये दाखवून दिले की १९३० नंतर जन्मलेल्या पिढीत निकोयाचा तो विशेष लाभ उरलेला नाही. म्हणजे ज्या चमत्काराच्या नावाने आज दुकाने थाटली जात आहेत, तो त्याच्या जन्मभूमीतच ओसरत चालला आहे.

आता गोंदिया जिल्ह्याकडे वळू. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा झाडीपट्टीतील जिल्हा धानाचा, तळ्यांचा आणि जंगलाचा. येथील जुने ताट कोणत्याही निकोयाला लाजवील असे होते. लुचई, दुबराज, चिन्नोर अशा वाणांचा हातसडीचा भात; डोंगरउतारावरची कोदो-कुटकी; धान कापणीच्या आधी त्याच ओलीत पेरलेली लाखोळी आणि जवस; तळ्यातला मरळ, झिंगे, शिंगाडा व कमळकंद; पावसाळ्यात जंगलातल्या सात्या, बांबूचे वास्ते, तरोट्याची भाजी; उन्हाळ्यात मोहफूल, चार आणि टेंभरे. या ताटात पिष्ट होते, प्रथिने होती, लोह होते आणि ऋतूंचा क्रमही होता. मात्र त्यातील प्रत्येक पदार्थ कोणाच्या तरी हक्काशी बांधलेला होता, आणि हक्क गेला तेव्हा पदार्थही गेला.

प्रथम तळी पाहू. पूर्व विदर्भात अशी सहा हजारांहून अधिक तळी आहेत. कोहळी समाजाच्या कसबाने आणि हजारो अनाम मजुरांच्या घामाने ती बांधली गेली. १९५१ मध्ये मालगुजारी नष्ट झाली आणि तळी शासनाकडे आली. मालगुजार गेला, हे उत्तमच झाले. ती मागणी आपल्याच चळवळीची होती. परंतु तळे गावाच्या हाती येण्याऐवजी खात्याच्या फायलीत गेले. 'माजी मालगुजारी' असे बिरुद मिरवत ही मामा तळी गाळाने भरली, बेशरमाने वेढली गेली, काठावर अतिक्रमणे झाली. मासेमारी संस्थांना ठेक्याने दिलेल्या पाण्यात रोहू, कटला यांचे बाहेरचे बीज सोडले गेले, आणि ढिवरांच्या घरच्या हंडीत पडणारे चिखलातले लहान देशी मासे हटत गेले. विकावयाचा मासा बाजारात गेला, खावयाचा मासा दिसेनासा झाला. अर्जुनी-मोरगाव भागात ढिवर स्त्रियांनी तळ्यांतील बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावल्या व देशी मासे परत आणले. त्यांना भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारख्या संस्थांची साथ मिळाली. हे काम स्त्रिया करू शकतात तर शासन का करू शकत नाही, याचे उत्तर खात्यांनी द्यावे.

जंगलाची कथा याहून कडवट आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली मोहफुलाचा साठा व वाहतूक परवान्यात अडकली. पहाटे उठून फुले वेचणारी गोंड बाई स्वतःच्याच अन्नापायी गुन्हेगार ठरू लागली. हे निर्बंध शासनाने उठवले २०२१ मध्ये. तोवर प्रजासत्ताक सत्तरी ओलांडून गेले होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मान्य केले. जेथे ग्रामसभांनी ते हक्क झुंजून मिळवले, तेथे तेंदूपत्त्याचा पैसा ठेकेदाराच्या पेटीऐवजी गावात आला. परंतु १९९६ चा पेसा कायदा महाराष्ट्राच्या ज्या तेरा जिल्ह्यांतील अनुसूचित क्षेत्रांना लागू आहे, त्यांत गोंदिया नाही. सालेकसा-देवरीच्या गोंड गावांना शेजारच्या गडचिरोलीतील गोंड गावांइतकेही घटनात्मक संरक्षण नाही. मोहफुलाचे गुणगान करणाऱ्या एकाही वक्त्याने यावर तोंड उघडल्याचे ऐकिवात नाही.

लाखोळीचे उदाहरण तर प्रत्येक कार्यकर्त्याने अभ्यासवर्गात मांडावे असे आहे. ही डाळ कोरडवाहू गरिबाची स्वस्त प्रथिने. तिच्यात मज्जातंतूंना अपाय करणारे एक द्रव्य असते. इतर धान्याबरोबर बेताने, भिजवून व पाणी फेकून खाल्ल्यास धोका अल्प असतो; पण महिनोन्‌महिने तीच मुख्य अन्न झाली की पाय लुळे पडतात. विंध्य भागात रेवा परिसरातील वेठबिगारांना मालक मजुरी म्हणून हीच डाळ देत, आणि धडधाकट माणसे काठीवर येत. सरकारने १९६१ मध्ये बंदी घातली ती डाळीच्या विक्रीवर. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा येण्यास १९७६ उजाडले. विष द्रव्यात होते तितकेच ते मजुरीच्या रीतीतही होते. पण डाळीवर कायदा चालवणे सोपे, मालकावर अवघड. शांतीलाल कोठारी यांच्यासारख्यांच्या दीर्घ लढ्यानंतर महाराष्ट्राने २००८ मध्ये ही बंदी उठवली. एकच डाळ निवड करू शकणाऱ्याचे पोषण करते, आणि निवड नसलेल्याला पांगळे करते. पारंपरिक अन्न व आयुष्य यांच्या नात्याचे सारे राजकारण या एका दाण्यात सामावले आहे.

आणि आजचे ताट? त्यात रेशनचा पांढरा तांदूळ आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो मिळतो, आणि तो आपण प्राणपणाने राखलाच पाहिजे. परंतु पोट भरले म्हणून रक्त भरत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. यावर दिल्लीने शोधलेला उपाय म्हणजे कारखान्यात बनवलेले लोहयुक्त दाणे तांदळात मिसळणे. २०२१ मध्ये घोषणा झाली आणि २०२४ पर्यंत देशभरच्या रेशनमध्ये तोच तांदूळ पोहोचवण्यात आला. सिकलसेलच्या रुग्णांनी लोहयुक्त अन्न घेऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचा नियम त्या काळात अन्नसुरक्षा खात्याचाच होता. गोंदिया हा सिकलसेलने पीडलेला जिल्हा आहे. रेशनच्या गोणीतून सुटा तांदूळ पदरात घेणाऱ्या बाईने हा इशारा वाचावा कोठे? मासा गेला, भाजी गेली, हातसडी गेली. आणि त्या साऱ्यांच्या जागी एक कारखानदारी दाणा आला.

शेतकऱ्याची गतही वेगळी नाही. केंद्राच्या हमीभावाच्या यादीत ज्वारी, बाजरी, नाचणी आहेत; 'श्रीअन्न' म्हणून गौरवलेली कोदो-कुटकी नाही. शेजारच्या छत्तीसगडने २०२१ मध्ये त्यांना किमान भाव देऊन खरेदी सुरू केली. केंद्र नावाचा गौरव करूनच थांबले. झाडीपट्टीतच, नागभीड तालुक्यातील नांदेड गावी दादाजी खोब्रागडे यांनी एचएमटी तांदळाचा वाण शोधला. तो लाखो एकरांवर पिकला, गिरण्यांनी त्यावर पैसा केला, आणि दादाजी २०१८ मध्ये विपन्नावस्थेत वारले. अन्नाचे ज्ञान गरिबाचे आणि नफा दुसऱ्याचा, हा नियम येथे सूर्यप्रकाशाइतका स्पष्ट आहे.

आपल्यातही काही सहृदय मंडळी म्हणतात की आदिवासींचे पूर्वज कोदो-कुटकी खाऊन शंभर वर्षे जगत. त्यांना त्यांच्या जुन्या जीवनात सुखाने राहू द्यावे. या मताचा आदरपूर्वक पण निःसंदिग्ध प्रतिवाद केला पाहिजे. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयाचे सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते, आणि तेव्हा तर बहुतेकांचे ताट पारंपरिकच होते. गावातला एक शंभरीचा म्हातारा सर्वांना दिसतो. हिवतापाने, देवीने, बाळंतपणात गेलेली माणसे दिसत नाहीत. आयुर्मान आज सत्तरी ओलांडून गेले ते लस, औषध, शाळा व शिधा यांमुळे. भूतकाळाचे उदात्तीकरण ही प्रतिगाम्यांची चाल आहे. आपण तिला बळी पडू नये. आणि परंपरा म्हणजे मागासलेपण, असे म्हणून लोकज्ञान उकिरड्यावर फेकणारी कारखानदारी वृत्तीही आपली नव्हे. अन्न लोकांच्या हाती हवे आणि दवाखानाही लोकांच्या दारी हवा. या दोन मागण्या एकमेकींवाचून लंगड्या आहेत.

म्हणून जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभांत नेमके ठराव आणावेत. मामा तळ्यांतील गाळ रोजगार हमीतून काढावा, आणि मासेमारीचा दीर्घ मुदतीचा हक्क ढिवरांच्या संस्थांना, देशी मासे राखण्याच्या अटीवर द्यावा. प्रलंबित सामूहिक वनहक्क दावे निकाली काढावेत, व सालेकसा-देवरीच्या आदिवासी गावांचा अनुसूचित क्षेत्रात समावेश करावा. कोदो-कुटकीला हमीभाव व सरकारी खरेदी मिळावी, आणि ते धान्य येथल्याच अंगणवाड्यांत व रेशनवर यावे. मोहफुलाची खरेदी गावात, जाहीर भावाने व्हावी. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात सिकलसेलची तपासणी व औषध नियमित मिळावे, आणि ज्याला लोहयुक्त तांदूळ चालत नाही त्याला साधा तांदूळ मागण्याचा हक्क असावा.

यातली कोणतीही मागणी अवास्तव नाही. सैन्य ठेवण्याचेही नाकारणाऱ्या एका लहान देशाने याहून अवघड गोष्टी ऐंशी वर्षांपूर्वी सुरू केल्या. मोहफुलाचे लाडू कोणी खावेत यास आमची हरकत नाही. ते फूल ज्या झाडाखाली पडते, ते झाड वेचणारीचे आहे, एवढेच आधी कागदावर आणि मग प्रत्यक्षात मान्य झाले पाहिजे.