पायऱ्या आहेत, तलाव नाही

गेल्या महिन्यात फ्लोरिडात जॅक्सनव्हिलला दादाकडे गेलो होतो. तिथून तासाभरावर सेंट ऑगस्टिन. १५६५ साली स्पॅनिश लोकांनी वसवलेलं गाव, समुद्र, जुना किल्ला, अरुंद गल्ल्या... थोडक्यात, फोटो काढायला लागतं ते सगळं. किल्ला बघायचा, आइस्क्रीम खायचं आणि परत फिरायचं असा साधा बेत होता. पण वहिनी म्हणाली, "आलोच आहोत तर १९६४ चं गावही बघू." आणि मग दिवस वेगळाच गेला.

आधी डॉ. रॉबर्ट हेलिंग या कृष्णवर्णीय दंतवैद्याच्या जुन्या दवाखान्यात गेलो. तिथे २०१४ पासून नागरी हक्क चळवळीचं छोटंसं संग्रहालय आहे. काळ्या-गोऱ्या पेशंटना बसायला वेगळ्या खोल्या नसलेला हा गावातला पहिला दवाखाना. १९६३ मध्ये दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर बसली म्हणून शाळकरी वयाच्या चार मुलांना इथे पकडलं होतं. जवळजवळ सहा महिने ती तुरुंगात आणि सुधारगृहात होती. माझी लेक चौदाची आहे. तो मजकूर वाचताना ती गप्पच झाली.

मग खाडीकाठच्या हॉटेलवर गेलो. तिथे पूर्वी मॉन्सन मोटर लॉज होतं. ११ जून १९६४ ला मार्टिन ल्यूथर किंग तिथे जेवायला गेले आणि दारातच त्यांना अटक झाली. आठवड्याने, १८ जूनला, काही काळी-गोरी मंडळी मिळून लॉजच्या पोहण्याच्या तलावात उतरली. मॅनेजर जेम्स ब्रॉक यांनी तलाव साफ करायचं अ‍ॅसिड आणून पाण्यात ओतलं. तो फोटो जगभर छापून आला. दुसऱ्याच दिवशी सिनेटने नागरी हक्क विधेयक संमत केलं आणि २ जुलैला कायदा झाला.

२००३ मध्ये ते लॉज पाडलं, तलावही गेला. किंगना अटक झाली त्या पायऱ्या तेवढ्या जपून ठेवल्यात, पाटीसकट.

ठेवल्या हे चांगलंच. पण मला वाटतं, खरं तर तलाव ठेवायला हवा होता. पायऱ्यांवर मोठा माणूस उभा होता, त्याच्या बाजूने उभं राहणं आज सोपं आहे. तलावाच्या काठावर मात्र आपल्यासारखा माणूस उभा होता. ब्रॉक काही बुरखा घालून हिंडणारे गुंड नव्हते. धंदा सांभाळणारे, गावात मान असलेले गृहस्थ. कायदा झाल्यावर त्यांनी काळ्या गिऱ्हाइकांना आत घेतलं, तर महिन्याभरात त्यांच्याच लॉजवर पेटते बॉम्ब पडले. अशा माणसाच्या हातात ती बाटली कशी आली, हे त्या तलावापाशी उभं राहून कळलं असतं.

माझ्या डोक्यात मात्र तोवर महाड आलं होतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले आणि नंतर सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळं 'शुद्ध' केलं. इथे अ‍ॅसिड, तिथे गोमूत्र. पाणी बाटल्याची भीती तीच. तळ्याचा हक्क मिळायला १९३७ चा हायकोर्टाचा निकाल यावा लागला.

लाज कशाची वाटली सांगू? रायगडाला मी चारदा गेले. चारही वेळा महाडमध्ये थांबून चहा प्यायले. तळ्यावर एकदाही नाही! आणि इथे सातासमुद्रापार पाटी वाचून डोळे ओले.

आमच्या घरच्या विहिरीबद्दल आत्याने एकदा सांगितलं होतं. काही बायका कठड्यापासून लांब घागर ठेवून बसायच्या आणि घरातलं कोणी मोकळं झालं की वरून पाणी ओतायचं. उन्हात तासन्‌तास. आजी फार प्रेमळ होती हो, आपण सगळेच सांगतो. ते खरंच आहे. आणि ती घागरही खरी आहे. आपण पायऱ्या ठेवल्यात, तलाव बुजवलाय.

सेंट ऑगस्टिनच्या चौकात २०११ पासून चळवळीतल्या साध्या माणसांचं स्मारक आहे. चार चेहरे, नावं नाहीत. विहिरीवर थांबणाऱ्या त्या बायकांची नावंही आमच्या घरात कोणाला ठाऊक नाहीत. आत्या आहे तोवर निदान विचारून तरी घ्यावीत.

असो. डिसेंबरात गावी येतोय. रायगडाच्या आधी चवदार तळं, हे नक्की. कोण कोण येतंय ते कळवा. आणि आत्याशी बोलताना मला एकटीला सोडू नका!