कुत्रे निवडण्यापूर्वी घराची परीक्षा

घरातील पाच-सहा वर्षांचे मूल कुत्र्यासाठी हट्ट धरते, आईवडील काही दिवस टाळाटाळ करतात आणि अखेर एखाद्या वाढदिवशी टोपलीतून गोजिरवाणे पिलू घरात येते. शहरांतील मध्यमवर्गीय कुटुंबांत हे दृश्य आता नित्याचे झाले आहे. परंतु पिलू म्हणजे खेळणे नव्हे. भूक, भीती आणि राग असलेला, दहा-बारा वर्षे सोबत राहणारा तो जीव आहे. त्याची निवड खेळण्यासारखी झाली, तर तिची किंमत मुलाला आणि त्या मुक्या जनावराला, दोघांनाही मोजावी लागते.

निवडीचा पहिला शत्रू म्हणजे फॅशन. एका मोबाइल कंपनीच्या २००३ मधील जाहिरातीत मुलामागून धावणारा पग दिसला आणि घरोघरी पगची मागणी वाढली. चपट्या नाकामुळे त्याला श्वास घेणे कठीण जाते आणि उन्हाळा सोसत नाही, याचा विचार फारसा कोणी केला नाही. हिमप्रदेशातील हस्की विदर्भाच्या उन्हात आणून बांधणाऱ्यांनीही त्यापासून बोध घेतलेला दिसत नाही.

जात पाहावी, पण स्वभाव अधिक पाहावा. लॅब्राडोर प्रेमळ खराच; पण पंचवीस-तीस किलोंचे ते जनावर आनंदाच्या भरातही दोन वर्षांच्या मुलाला सहज पाडते. उलट, अगदी चिमुकले कुत्रे मुलाच्या हातून पडून जायबंदी होते आणि भीतीपोटी चावते. लातूर-सोलापूरकडचे कारवान देखणे व काटक असले, तरी ते शिकारीसाठी धावणारे कुत्रे आहे. दोन खोल्यांच्या घरात त्याचा कोंडमाराच व्हायचा. ज्याचा स्वभाव पारखता येतो असे मोठे झालेले, माणसाळलेले देशी कुत्रे अनेक कुटुंबांना पिलापेक्षा अधिक सोयीचे ठरते. पिलूच घ्यायचे, तर त्याची आई पाहावी. आठ आठवड्यांखालील पिलाच्या विक्रीस २०१७ च्या नियमांनी मनाई केली आहे, ती उगाच नव्हे. किती जोराने चावले म्हणजे दुखते, हे पिलू आई-भावंडांतच शिकते.

कुत्र्यामुळे मुलांना दया व जबाबदारी कळते, असा युक्तिवाद केला जातो. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. मूल हे गुण वडीलधाऱ्यांचे पाहून शिकते. कुत्र्याचा सांभाळ त्याच्यावर सोपवून नव्हे. लहान मूल आणि कुत्रे यांना कधीही एकटे सोडू नये. जेवणाऱ्या वा झोपलेल्या कुत्र्याला छेडू नये. कुत्रे मान फिरवते, ओठ चाटते, गुरगुरते, तो त्याचा इशारा असतो. गुरगुरण्याबद्दल त्याला मारणारे पालक तो इशाराच बंद पाडतात, आणि मग पुढचा चावा न सांगता होतो.

सर्वांत मोठा धोका रेबीजचा. रेबीजचा संशय असलेल्या प्राण्यांनी चावलेल्यांपैकी सुमारे चाळीस टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रागावतील किंवा कुत्रे नेतील या भीतीने मूल ओरखडा लपवते, आणि रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ असतो. म्हणून कुत्र्याचे लसीकरण जितके आवश्यक, तितकाच मुलाला दिलेला अभय. जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ डॉक्टरांकडे जाणे, हा घरातील प्रत्येकाला पाठ असावा असा धडा आहे.

तेव्हा कोणते कुत्रे घ्यावे, यापूर्वी आपले घर कुत्र्याजोगे आहे काय, हे विचारले पाहिजे. पहाटे त्याला फिरवणार कोण? सुटीत सांभाळणार कोण? औषधपाण्याचा खर्च पेलणार काय? या प्रश्नांना मोठ्यांकडे उत्तर नसेल, तर मुलाला आज नकार द्यावा. हौस फिटल्यावर कुत्रे रस्त्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहेच. पण मुलाच्या देखत तो घडला, तर जिवाशी जोडलेले नाते सोयीनुसार तोडता येते, हाच संस्कार त्याच्या मनावर होतो. त्यापेक्षा विचारपूर्वक दिलेला नकार अधिक दयाळू.