काचेच्या पेटीतली मय्यत

दर दोन-चार महिन्यांनी फिरऔनच्या ममीचा फॉरवर्ड घरोघरच्या ग्रुपवर फिरतो. सोबत काळ्या पडलेल्या चेहऱ्याचा फोटो. मग मुले वर्गात विचारतात, "टीचर, हाच का तो?"

फिरऔनचा देह नंतरच्या लोकांसाठी निशाणी म्हणून राखला जाईल, असे सूरह यूनुसच्या ९२व्या आयतीत सांगितले आहे. पण तो कोणता फिरऔन, त्याचे नाव कुरआनात नाही. फोटोतला बहुतेक वेळा दुसरा रामसेस असतो. त्याच्या ममीला बुरशी लागल्यामुळे १९७६ मध्ये ती पॅरिसला नेली होती. हजरत मूसा (अ.) यांच्या वेळचा फिरऔन तोच, असे मानणारे अभ्यासक आहेत, न मानणारेही आहेत. आयतीवर ईमान ठेवायला फोटो कशाला लागतो?

ममी पाहायला मिसरला जायला नको. हैदराबादच्या बाग-ए-आममधल्या संग्रहालयात एक आहे. मराठवाडा ज्यांच्या राज्यात होता, त्या सातव्या निजामांनी, मीर उस्मान अली खान यांनी, ती संग्रहालयाला दिली. नैशू नावाची राजकन्या म्हणून ती ओळखली जाते. दोन हजारांहून जास्त वर्षे झाली तिला.

मिसरी लोक आतडी वगैरे काढून देह नॅट्रॉन नावाच्या क्षारात चाळीसेक दिवस सुकवत. पाणी गेले की कुजवणारे जंतू वाढत नाहीत. कोकणात मासळीला मीठ लावून वाळवतात, तेच शास्त्र. पण इतक्या वर्षांत नैशूवरचे आवरण खराब होऊ लागले. २०१६ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या तज्ज्ञांच्या मदतीने तिला हवाबंद पेटीत ठेवून आत नायट्रोजन भरला. त्याच वर्षी सिटी स्कॅनही झाला. पट्टी न सोडता आतली हाडे दिसली. एकेकाळी लंडनमध्ये लोक तिकीट काढून ममी उलगडताना बघत!

मय्यतीचे हाड मोडणे जिवंत माणसाचे हाड मोडण्यासारखे आहे, या अर्थाची हदीस आपल्याला ठाऊक आहे. म्हणून स्कॅनची रीत मला पटते. काचेत मांडून ठेवणे तेवढे पटत नाही. मिसरचे अध्यक्ष अन्वर सादात यांनी कैरोतले शाही ममींचे दालन मृतांच्या सन्मानासाठी १९८० मध्ये बंद केले होते. पुढे ते पुन्हा उघडले.

तरीही मुलांना न्यावे. फोन पिशवीत ठेवायला लावावा, सेल्फी नको. ही कुणाची तरी लेक होती, एवढे आत शिरण्याआधी सांगावे. आणि संग्रहालय कोणत्या वारी बंद असते, ते आधी विचारून घ्यावे.