कड्यावरची भेग

पावसाळा सरला की डोंगराच्या कुशीतल्या दगडखाणी पुन्हा घुमू लागतात. आपल्या घराची खडी आणि कोकणातला जांभ्याचा चिरा अशाच खाणींतून येतो. कड्याखाली उभा असलेला माणूस मात्र आपल्याला एस.टी.च्या खिडकीतून क्षणभरच दिसतो. त्याच्या डोक्यावरचा कडा टिकेल की नाही, हे ठरवायचे कोणी आणि कसे?

१० एप्रिल २०१३ रोजी अमेरिकेतील युटा राज्यातल्या बिंगहॅम कॅन्यन या तांब्याच्या अवाढव्य खाणीचा कडा ढासळला. कोट्यवधी टन खडक खाली आला, पण एकाही माणसाला इजा झाली नाही. कडा सरकतो आहे हे उपकरणांनी आधीच सांगितले होते आणि ते ऐकून माणसे बाहेर काढली गेली होती. झारखंडमधील राजमहल कोळसाखाणीत २९ डिसेंबर २०१६ रोजी ढिगारा कोसळला, तेव्हा २३ कामगार दगावले.

लहान खाणीला रडार परवडत नाही, हे खरे. पण कडा सहसा एकाएकी जात नाही. माथ्यावर, काठापासून थोडी मागे, आधी एक बारीक भेग पडते. तिच्या दोन्ही अंगांना खुंट्या ठोकाव्यात, त्यांमधले अंतर रोज टेपने मोजून तारखेसह वहीत लिहावे. भेग रुंदावू लागली तर सावध व्हावे. रुंदावण्याचा वेगच वाढू लागला, तर खाली कोणी उतरू नये. याला खर्च तो काय?

आपला काळा कातळ भरवशाचा मानतात. पण लाव्हाच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे लाल मातीचा पट्टा असतो. पाणी मुरले की तो मऊ पडतो. जांभ्याखालीही बहुधा चिकण माती लागते. म्हणून दगड कठीण आहे एवढ्यावर भागत नाही. त्यातल्या चिरा खाणीच्या पोकळीकडे कलल्या आहेत की डोंगराच्या पोटाकडे, हे पाहावे लागते. पोकळीकडे कललेल्या चिरेत पावसाचे पाणी साठले, की ते कातळाला बाहेर रेटते.

१९६१च्या धातुखाण विनियमांत मापे स्पष्ट आहेत: माती-मुरमाचा उतार ४५ अंशांहून अधिक नको, नाहीतर दीड मीटरपर्यंतच्या पायऱ्या हव्यात आणि त्यांची रुंदी उंचीहून कमी नको, काठापासून ३ मीटरपर्यंत सुटा दगड नको, कडा खालून पोखरायचा नाही. इवल्याशा जागेत पायऱ्या सोडल्या तर हाती दगड किती उरणार, असे खाणमालक विचारतो. त्याचा हिशेब खोटा नाही. पण तेवढ्या जागेत सुरक्षित खाण होत नसेल, तर तिथे परवानाच का द्यावा?

भेग सर्वांत आधी दिसते ती खाली राबणाऱ्याला. त्याची मजुरी ब्रासवर ठरलेली. काम थांबले की चूल थांबली. तो बोलणार कसा? तेव्हा ज्याच्या हाती वही, त्याला काम थांबवण्याचा अधिकार हवा, आणि थांबलेल्या दिवसाची मजुरी मालकाने द्यायला हवी. परवाना देतानाच ही अट घालावी.