आमचा न मिळालेला तिसरा क्यू

"मग, या वेळी मेडल का?" सोमवारी ऑफिसात हा प्रश्न ठरलेला. पुण्याहून आईचा प्रश्न वेगळा. "अरे, एवढ्या थंडीत पहाटे पाचला उठून त्या कुत्रीला स्पर्धेला कसला नेतोस?" दोघांनाही मी आजवर हसून टाळत आलो. पण गेल्या शनिवारी जे झालं, त्यानंतर वाटलं की एकदाचं लिहूनच टाकावं.

अ‍ॅजिलिटी माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स श्वानप्रदर्शनात मधला रिकामा वेळ भरून काढायला घोड्यांच्या शो जंपिंगवरून बेतलेला एक खेळ दाखवला, तिथून याची सुरुवात. उड्या, बोगदे, उतरतं छप्पर, नागमोडी जायचे खांब आणि सीसॉ. प्रत्येक वेळी क्रम नवा. आधी माणसं कुत्र्याशिवाय मैदानात हातवारे करत चालून क्रम पाठ करतात (बघणाऱ्याला वाटावं, वेड्यांचा बाजार भरलाय!). कुत्र्याला मात्र काहीच माहीत नसतं, तो आपल्याकडे बघून धावतो. हात लावायचा नाही, खाऊ न्यायचा नाही. मिनिटभरात खेळ खलास.

आता चिंगी. दक्षिणेकडच्या राज्यातून गाडीत घालून न्यू जर्सीच्या शेल्टरमध्ये आणलेली, वय अंदाजे दोन, जात देव जाणे. पहिले अकरा दिवस ती सोफ्यामागे होती. कुकरची शिट्टी झाली की जागेवरच शू. टोपीवाला माणूस दिसला की जमिनीला चिकटायची. शेल्टरवाले सांगतात, तीन दिवसांत कुत्रं सावरतं, तीन आठवड्यांत रुळतं, तीन महिन्यांत घरचं होतं. आम्हाला तीन महिन्यांत कोपऱ्यावरच्या पत्रपेटीपर्यंत जाता आलं.

सल्ले भरपूर मिळाले. "लाड करू नका, भीती वाढेल" हा सगळ्यात लाडका. हे चूक आहे. भीती ही काही युक्ती नाही, जी बक्षीस दिल्यावर कुत्रं पुन्हा करून दाखवेल. ती भावना आहे. घाबरलेल्याला जवळ घेतल्याने तो जास्त घाबरत नाही. दुसरी गोष्ट, पिल्लाच्या साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात जग ओळखीचं होण्याची एक खिडकी उघडी असते. स्कॉट आणि फुलर यांनी १९६५ च्या त्यांच्या पुस्तकात हे सविस्तर मांडलं. चिंगीची ती खिडकी कुठे आणि कशी गेली, कुणालाच ठाऊक नाही. म्हणजे हा रीस्टार्ट करून जाणारा बग नव्हे.

मग अशा कुत्रीला अ‍ॅजिलिटी कशाला? कारण तिथले प्रश्न स्पष्ट असतात. ही उडी. हा बोगदा. जमलं की चीज. ज्या जिवाला जगातलं काहीच कळत नाही, त्याला असे सुटे सुटे प्रश्न आवडतात. बोगद्यात तर ती पहिल्याच आठवड्यात शिरली. सोफ्यामागचीच सवय ती!

घोडं अडलं सीसॉवर. बारा फुटी फळी. अर्ध्यावर गेलं की खाली झुकते आणि धाडकन आपटते. म्हणजे चिंगीला नको असलेलं सगळं एका जागी. आमच्या ट्रेनर बाईंनी फळीच्या टोकाखाली उशा ठेवल्या, म्हणजे ती दोन इंचच खाली येई आणि आवाजही जेमतेम. चिंगीने स्वतः पंजाने फळी दाबायची, आवाज तिने करायचा, की लगेच चीज. मग एक उशी कमी. मग आणखी एक. सात महिने लागले.

पहिल्या दोन स्पर्धांमध्ये आम्हाला दोन क्वालिफाय मिळाले. लोक त्याला 'क्यू' म्हणतात. नवशिक्यांच्या वर्गात तीन क्यू झाले की किताब. इथे माझं डोकं फिरलं. तिसऱ्या स्पर्धेत ती सीसॉपाशी थबकली. कान मागे, ओठ चाटतेय. मला दिसत होतं. तरी मी तीनदा ओरडून तिला चढवलं, कारण डोक्यात क्यू होता. फळी आपटली आणि चिंगी रिंगच्या बाहेर, थेट पार्किंगमध्ये. नशीब, कुणीतरी पकडलं. पुढचे चार महिने तिने सीसॉकडे ढुंकून पाहिलं नाही. आम्ही परत उशांवर.

गेल्या शनिवारी तसंच झालं. बाकी सगळं सुंदर, आणि सीसॉपाशी तेच कान, तेच ओठ चाटणं. या वेळी मी "चल" म्हणून पुढच्या उडीकडे वळलो. अडथळा सोडला म्हणजे क्यू गेला. चिंगी मात्र शेपटी वर करून शेवटच्या दोन उड्या मारून आली आणि गाडीत जाऊन घोरायला लागली.

माझं म्हणणं एवढंच. घाबरट कुत्र्याला स्पर्धेत नेण्यात गैर काही नाही, पण त्याला 'नाही' म्हणता येत असेल तरच. ते 'नाही' आपल्याला वेळेवर ऐकू येत नसेल, तर घरी बसावं. आणि आपण जे 'आधी सोफ्यामागे, आता व्यासपीठावर' छापाचे व्हिडिओ फिरवतो ना, त्यांतला मधला भाग कापलेला असतो. ते बघून कुणी कुत्रं आणतं, तीन महिन्यांत ते 'बरं' होत नाही आणि परत शेल्टरला जातं. ही गंमत नाही.

कुणी म्हणेल, मग स्पर्धा हवीच कशाला? रास्त प्रश्न. २०२४ साली वेस्टमिन्स्टरची अ‍ॅजिलिटी स्पर्धा पहिल्यांदाच एका मिश्र जातीच्या कुत्रीने, निंबलने, जिंकली तेव्हा मीही घरात नाचलो होतो. जिंकायला मला आवडतं, खोटं कशाला बोलू? आणि तारीख ठरलेली नसती तर थंडीत सराव करायला मी कधी उठलोही नसतो. पण तारीख माझी आहे, चिंगीची नाही. हे कळायला मला चार महिन्यांचं नुकसान करावं लागलं. तेही तिचं.

असो. तिसरा क्यू अजून बाकी आहे. एक उशी परत फळीखाली गेली आहे. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "नाही म्हणाली ना ती? मग राहू दे की."